उजाडल्यानंतरचा चहा

अंबरनाथ, शिवमंदिर परिसर

चिरंजीव चंदू यास ज्येष्ठ बंधूचे अनेक आशीर्वाद.

काल वांगणीहून विठाचा फोन आला. उपवासात मळ्यात तुला भोवळ आली. तिने साखरपाणी तोंडाशी धरले, तर तू दात घट्ट मिटलेस. ती रडत नव्हती, संतापली होती. "भाऊजी, हे म्हणतात, शुगर झाली म्हणून पुरुषानं कण्हत बसायचं का? देवाला उपाशी नवरा हवाय की जिवंत, तुम्हीच विचारा यांना!"

चंदू, बहाउल्लाहांनी आपणा बहाईंना सूर्योदय ते सूर्यास्त उपवासाची आज्ञा दिली, तशीच आजाऱ्याला त्यातून मुक्तताही दिली आणि कुशल वैद्याकडे जाण्यास सांगितले. एक वचन पाळण्यासाठी दुसरे मोडणे ही भक्ती नव्हे.

सत्तरी उलटली तेव्हा उपवासातून मलाही सूट मिळाली. पहिल्या सकाळी, उजाडल्यावर, चहाचा घोट घशाखाली उतरेना. आपण म्हातारे झालो हे साऱ्या गल्लीला कळेल, याचीच लाज वाटत होती. तिला मी श्रद्धा समजत होतो. म्हणून तुझे मिटलेले दात मी ओळखतो.

हे पत्र टपालात टाकणार नाही. टाकले, तर तू ते वाचून नुसते नीट घडी घालून ठेवशील. उद्या मीच येतो. ऊन वर आल्यावर तुझ्या ओट्यावर प्रार्थना म्हणू, मग विठाकडे दोन कप चहा मागेन, तुझा बिनसाखरेचा. तो पिऊन तिघेही डॉक्टरांकडे जाऊ. तू कप उचलल्याखेरीज मी उचलणार नाही, आणि माझा चहा गार झालेला तुला लहानपणापासून बघवत नाही.

तुझ्याकडे निघालेला,
हिरामणदादा