औषधाची अळंबी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
आज कोल्हापुरात बायकोची, नीलाची, पहिली केमो. निपाणीहून जवळ पडतं म्हणून ती तिथं मंगलकडे, तिच्या धाकट्या बहिणीकडे, राहिली आहे. मी मुद्दाम बेळगावातच थांबलो. हॉस्पिटलात दोघादोघांनी बसून काय करायचं? एकानं तरी डोकं चालवायला हवं.

काल मोबाइलवर वाचलं. काही अळंबींमधले घटक कॅन्सरचा फैलाव रोखू शकतील म्हणे. प्रयोग अजून उंदरांवरच आहेत. म्हणजे माणसाला डोस वाढवायचा, एवढंच. निर्धार: औषधी अळंबी घरीच पिकवणे. शेवटी मी बॉटनी डिपार्टमेंटचा माणूस. (क्लार्क होतो, पण डिपार्टमेंट बॉटनीचंच.)

८ जानेवारी.
उचगावला जाऊन आलो. तिथं भरमा अळंबीचं बियाणं विकतो. स्पष्ट विचारलं, औषधाची आहे ना? म्हणाला, "औषधाचं टेन्शनच घेऊ नका सर. त्येची ग्यारंटी माझी." असं छातीठोक एकही डॉक्टर बोलला नाही.

११ जानेवारी.
भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, उकळून, बियाणं घालून पिशव्या भरल्या. न्हाणीत टांगल्या. माझी आंघोळ आता परसात. थंडी लई आहे.

नीलाचा फोन. उलट्या होतात, तोंडाला चव नाही. म्हणाली, "एकदा येऊन जावा की." तिला सांगितलं, पिशव्यांचा ओलावा राखावा लागतो, घर सोडता येत नाही. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

२२ जानेवारी. दुपारी ४.
यश! पिशव्यांत पांढरे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत. लगेच फोन लावला आणि ओरडलो, "सगळीकडं पसरलंय गं!" फोन मंगलनं घेतला होता. ती रडायलाच लागली. खुलासा करता करता पुरेवाट. शास्त्रीय गोष्टी ऐकून घ्यायची लोकांची तयारीच नसते.

२७ जानेवारी.
दुसरी केमो. निघणारच होतो. चप्पलसुद्धा घातली होती. तेवढ्यात एका पिशवीवर हिरवी बुरशी दिसली. आजारी पिशवी टाकून जाणाऱ्यातला मी नव्हे.

उरलेलं पिंजर पलंगावर नीलाच्या बाजूला वाळत घातलंय. तेवढीच जागा भरते.

३ फेब्रुवारी.
नीलाचे केस गेले. मंगलनं फोटो पाठवलाय. उघडला नाही. नेट स्लो आहे.

नेट स्लो नाही. मला भीती वाटते. (हे वाक्य नंतर खोडणे.)

१४ फेब्रुवारी.
पीक आलं! सव्वा किलो! शेजारच्या राजाबाईंना दाखवायला गेलो तर कुलूप. परत येऊन एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

डोस किती द्यायचा ते विचारायला भरमाला फोन केला. म्हणाला, "डोस कसला सर? कांदा परतून घ्या, झाली भाजी." मग तुझी औषधाची गॅरंटी? तर म्हणाला, "व्हय की. आमी औषध मारतच न्हाय. एक फवारा न्हाय बघा."

औषध म्हणजे त्याच्या लेखी फवारणी. माझ्या न्हाणीत सव्वा महिना वाढली ती साधी धिंगरी. हॉटेलात मिळते ती.

तरी ताजी आहे. तिसऱ्या केमोला स्वतः घेऊन जाणार. न कळवता. नीलाला केवढा आनंद होईल!

१७ फेब्रुवारी, सोमवार. कोल्हापूर. दुपार.
पहिल्या बसनं आलो. वॉर्डात पेशंटबरोबर एकच माणूस सोडतात. पास मंगलच्या नावावर, आणि मंगल खाली मेडिकलमध्ये गेलेली. दारातल्या नर्सनं विचारलं, आपण कोण? म्हटलं, मिस्टर. तिनं माझ्याकडं दोनदा पाहिलं. अळंबीची पिशवी काढून घेतली, कच्चं काही आत चालत नाही म्हणाली. मग काचेपाशी नेलं. तुमचा पेशंट दाखवा, मी निरोप देते.

आत सहा खाटा. सहाही जणींच्या डोक्याला रुमाल, हाताला सलाइन. सगळ्या सारख्याच बारीक.

नर्स थांबली होती. मी खिडकीजवळच्या बाईला हात केला. तीही बिचारी हसली, तिनंही हात केला.

ती नीला नव्हती. नीला दाराजवळच्या खाटेवर होती. माझ्याकडंच बघत होती.