तिकिटावरचा बंब

प्रिय दादा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून त्यावर मुद्दाम आपला बंब चिकटवलाय. हो, बाबा चालवायचे तोच. अग्निशमन दलाला शंभर वर्षं झाली म्हणून त्याचं टपाल तिकीट निघालं, आणि चित्र काढायचं काम नेमकं माझ्या टेबलावर आलं. दलाच्या कचेरीतून फोटो मिळाला तो त्याच दिवशीचा. सकाळी धुऊन पुसून लख्ख केलेला बंब, स्टिअरिंगवर बाबा, आणि शेजारी तू, गाल फुगवून, जणू बंब तूच विकत घेतलास! दुपारी गोदामाला आग लागली, टाकी कोरडी निघाली आणि आतला पहारेकरी गेला. टाकी भरायचं काम तुझं होतं. तुझी नोकरी गेली, मग तू घर सोडलंस. बाबा चकार शब्द बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात चित्र पुरं झालं तेव्हा बाबांना दाखवलं. चुका काढायला ते एका पायावर तयार असतात, तुला ठाऊकच आहे. भिंग घेऊन बसले. शिडीचा कोन चुकलाय म्हणाले, मी दुरुस्त केला. मग टाकीखालच्या नळावर बोट ठेवलं, हा उघडा का काढलास म्हणून रागावले. मी फोटो पुढे केला. फोटोतही तो उघडाच होता. बाबांनी भिंग खाली ठेवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. फोटोसाठी चाकं धुवायला त्यांनीच टाकीचं पाणी घेतलं होतं, नळ बंद करायचा राहिला. आगीपाशी ते ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी तो गुपचूप बंद केला आणि तुला बोलणी खाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दलाच्या साहेबांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. तिकिटावरचा नळ मी उघडाच ठेवलाय.

त्यांच्या वाटची माफी ते स्वतः येऊन मागतील, तू दार उघडलंस तर. मी लिहितेय ते माझ्यासाठी. जाताना तू मला विचारलं होतंस, ‘मी टाकी भरली होती, तुला तरी पटतंय ना?’ मी काही न बोलता आत निघून गेले. दादा, तू टाकी भरली होतीस.

तुझीच,
धाकटी