हळद लाल होईना

६ जानेवारी
काय हा हट्ट! हौसाबाईची म्हैस मेली युरियानं, आणि आसेगाव म्हणतं रुपाबाईच्या नजरेनं! हौसाबाईच्या शेजारची एकटी बाई, एवढाच तिचा गुन्हा. ती विकते त्या भाजीला आता कोणी हात लावत नाही.

"तिनं पाह्यलं न् म्हनलं, दूध लय देते वो! दुसऱ्या दिवशी म्हैस आडवी," हौसाबाई सांगत होती. खाण्यात काय होतं, मी विचारलं. तिचा मुलगा धीरज म्हणाला, "कच्च्या सोयाबीनचं पीठ. दूध वाढाले वरून थोडा युरिया."

मिळालं की उत्तर! कच्च्या सोयाबीनमध्ये एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया सोडतं. म्हैस त्यानं मेली. मी घसा फोडून सांगितलं. अंधश्रद्धेविरुद्ध सभा गाजवणारी मी! हौसाबाई म्हणते, "बोलता लय छान तुमी, मॅडम."

आता दाखवूनच देते.

९ जानेवारी
स्वयंपाकघरात प्रयोग. युरियाचं पाणी, हळद, कच्च्या सोयाबीनचं पीठ. हळद चुन्यानं लाल होते तशी अमोनियानंही होते. पाणी आधी आंबट हवं, म्हणजे रंग बदलला तर तो अमोनियानंच; म्हणून माझा मित्र खालिद, त्याच्या चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर ओतलं.

काही नाही! पिवळं ते पिवळंच. चिडून भांडी घासायला घेतली. वळून पाहिलं तर — लाल! हळूहळू नाही, एकदम!

मग डोक्यात प्रकाश पडला. आंबट पाण्यात विकर जेमतेम चालतं. थोडा अमोनिया सुटतो, तेवढा आंबटपणा मरतो. आंबटपणा मेला की विकर जोरात, अमोनिया आणखी, आंबटपणा आणखी कमी — स्वतःच स्वतःला ढकलत नेतं! म्हणूनच म्हैस खाऊन उठते तेव्हा ठीक, आणि मग अचानक कोसळते.

खालिद वैतागला. "पूरा डब्बा खाली? मंचुरियन कायच्यात करू, तुझ्या भाषणात?"

१० जानेवारी
व्हिनेगर कमी घातलं. चहा पिऊन होईतो लाल! खालिदकडून नवा डबा उचललाय. उद्या आसेगाव.

११ जानेवारी
फजिती. लिहायलाही लाज वाटते.

शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. रुपाबाई लांब, हातपंपाशी उभी. पीठ गावचंच हवं, नाहीतर म्हणतील मॅडमनं मंगरूळपीरहून जादू आणली! हौसाबाईनं पिठाचा डबा पुढे केला, मी युरिया-हळदीच्या आंबट पाण्यात पीठ टाकलं आणि बोलत राहिले. आंबटात विकर कसं दबून राहतं, मग कसं उसळतं. म्हैस पडली तर डॉक्टर येईतो गार पाण्यात व्हिनेगर घालून पाजा, अमोनिया आवरतो — सगळं सांगून झालं. पाणी पिवळंच! पोरं फिदीफिदी हसायला लागली. माजी सरपंच गुलाबराव उठले: "मॅडम, तुमच्यानं हळद लाल होऊन नाई राह्यली, अन् आमाले शिकवता?"

आणि हौसाबाई: "पाहा! युरियाचं काई नाई. नजरच हाय."

पुरावा मीच दिला त्यांना! निघताना धीरजला विचारलं, पीठ तेच ना, म्हशीचं?

"नाई जी. आईनं खमंग भाजून देल्लं. म्हने, मॅडमले कच्चं पीठ कसं द्याव?"

भाजलेलं! विकर तव्यावरच मेलेलं! पाहुणचारानं घात केला. ओट्याकडे धावले, तर तिथे चिटपाखरू नाही. धीरजला बजावलं, पीठ भाजून घाल नाहीतर युरिया बंद कर. "हो जी," म्हणाला — तोंडदेखलं. व्हिनेगरचा डबा तिथेच आपटून आले. खालिद ओरडेल. ओरडू दे!

१२ जानेवारी
घसा बसलाय. बरंच झालं.

१४ जानेवारी
धीरजचा फोन. काल दुसरी म्हैसही थरथरत पडली, तोंडाला फेस. पुन्हा तेच खाणं! डॉक्टर यायला उशीर. तेवढ्यात रुपाबाई धावत आली, हातात माझा ओट्यावरचा डबा. गार पाण्यात घालून तिनं बाटली-बाटलीनं पाजलं. म्हैस उठली!

म्हणजे कोणीतरी ऐकत होतं! मला हुंदकाच आला. "आणि आई? आई काय म्हणते?"

"आई म्हनते, तिनंच लावली होती नजर. नाईतर तिच्याच हातानं कशी उतरली असती?"