मागच्याला जे, तेच याला

बापू, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज वाशिमच्या कोर्टातून घरी आले आणि तुमच्याशीच बोलावंसं वाटलं, म्हणून हा कागद लिहायला घेतला. टीव्हीवरचा एक नट दुकानाच्या उद्घाटनाला आला होता. परत जाताना पिऊन स्वतःच गाडी हाकत निघाला आणि अनसिंगच्या रस्त्यावर विजेच्या खांबावर आदळला. नशीब, कुणाला लागलं नाही. गुन्हा त्यानं कबूल केलाय. उद्या त्याला किती शिक्षा मागायची, हे सरकारी वकील म्हणून मला ठरवायचं आहे, आणि सकाळपासून लोकांनी माझं डोकं खाल्लंय. कोर्टातला शिपाई म्हणतो, “मॅडम, घराघरातला लाडका मानूस हाये, दंडावर सोडा न!” चहावाला म्हणतो, “चांगला आत टाका, म्हंजे बाकीचेबी सुधरतीन.”

मला मात्र मानोऱ्याजवळचा आपला तांडा दिसतोय. तुम्ही तांड्याचे नाईक, त्यामुळे सगळे तंटे तुमच्यापुढेच यायचे. लग्नात गायला बोलावलेला तो गाजलेला गायक भरदुपारी झिंगून जीप घेऊन येतो आणि थेट एका म्हातारीच्या घराचं भिताड पाडतो. निम्मा तांडा म्हणतो, दोन गाणी जास्तीची म्हणवून घ्या, झालं. निम्मा म्हणतो, बडं प्रस्थ आहे, सोलून काढा. आदल्या साली आपल्याच एका ट्रॅक्टरवाल्यानं पिऊन अशीच भिंत पाडली होती. तुम्ही त्याचं नाव घेता आणि विचारता, “त्यानं काय केलं होतं?”

“चिखल तुडवून भिताड बांधून देलं.”

“मंग हाबी बांधून देईन. भिताडाले काय मालूम, पाडनारा कोन व्हता?”

चकचकीत कोट काढून गायक चिखलात उतरला. तुम्ही विरघळाल या आशेनं गाऊही लागला. तुम्ही डोळे मिटून सगळं गाणं ऐकलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, “गळा झकास हाये तुहा. पन भिताड तिरपं होऊन राह्यलं. पाड अन् पुन्हा घाल.” सगळा मांडव हसला, तोही हसला. मला त्या दिवशी तुमचा जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही. कायद्याची पुस्तकं पुष्कळ वाचली, पण कौतुक कौतुकाच्या जागी आणि शिक्षा शिक्षेच्या जागी ठेवणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मागच्या महिन्यात एका पिकअपवाल्यानं पिऊन असाच खांब वाकवला होता. त्याला दंड झाला आणि थोडे दिवस तुरुंगही. नटासाठीही मी तेवढंच मागणार आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. बाकी न्यायाधीशांच्या हातात.

हा कागद टाकायला पेटी नाही, तेव्हा उशाखालीच राहील. एक सांगून टाकते, बापू. नटाचं नाव माझ्या ओठांवर होतं. त्या पिकअपवाल्याचं मात्र फाइल उघडून पाहावं लागलं.