कानसेनांचा हीटर

८ डिसेंबर

मेला! तिसरा हीटर. फट् झालं, जळका वास सुटला आणि कांड्या काळ्या पडल्या. दुसरा हिवाळासुद्धा धड काढला नाही मेल्याने. आईकडची इस्त्री माझ्या लग्नाआधीची आहे, अजून ठणठणीत. हल्लीच्या वस्तूंना झालंय तरी काय?

बाहेरच्या खोलीतून लगेच ह्यांची विचारणा — "गेला वाटतं?" स्वरात काय आनंद!

होणारच आनंद. मला थंडी सोसत नाही आणि ह्यांना आवाज. हे पियानो जुळवतात, शाळांतले, सभागृहांतले. ह्यांच्या कानांवर तर आमचं घर चालतं. मी कानसेनच म्हणते ह्यांना. तर हे कानसेन गेले दोन हिवाळे बाहेर दिवाणावर झोपतात. भांडण नाही, तंटा नाही, नवराबायकोच्या मध्ये एक हीटर! लोकांना सांगायचीही चोरी. मला हे खोलीत परत हवेत. आणि ऊबही हवी. दोन्ही का मिळू नये?

९ डिसेंबर

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन त्याचं डोकं खाल्लं. टकटक का होते? घरघर कुठून येते? बिचारा म्हणाला, "ताई, पत्रा तापला की फुगतो, निवला की आकसतो. मग बोलणारच." म्हणजे माझ्या गुडघ्यांसारखंच! टिकेल असा कुठला, विचारलं तर हसला. "ज्यात हलणारं काही नाही तो टिकतो. तेलाचा घ्या."

ह्यांना सांगितलं. त्यावर ह्यांनी पहिल्या, पंखावाल्या हीटरची आठवण काढली. अजून दुखऱ्या दाढेसारखा लक्षात आहे! "त्याचा सूर धड पांढरी दोनमध्ये नव्हता, धड काळी दोनमध्ये नव्हता. मध्येच लोंबकळत होता." असल्या माणसाला कुठला हीटर पसंत पडणार, कपाळ!

१२ डिसेंबर

तेलाचा आणला. उचलताना कंबर गेली. दुकानदार म्हणे, "आवाज शून्य, बाई!" शून्य कसलं! घरघर नाही, टकटक नाही, हे खरं. पण आतून एक बारीक शिट्टी — ईंईं — कानाशी डास आल्यासारखी. झालं! पैसे पाण्यात. तरी ह्यांना हाक मारली. हे पलंगाच्या काठावर बसले, डोळे मिटले, पियानोसमोर मिटतात तसे. मी नखं खात उभी.

"काहीच नाही गं. छान आहे."

थट्टा वाटली मला. तर हे चक्क उशी घेऊन आले!

१३ डिसेंबर

ह्यांचे पाय अजून तसेच, बर्फ. पण आहेत!

१६ डिसेंबर

शिट्टी काही जात नाही. चाकांखाली रबर घातलं, प्लग बदलला, हीटर भिंतीपासून लांब ओढला. शेवटी लाकडी पट्टीचं एक टोक त्याला टेकवलं, दुसरं कानाला. सापडली! बटणाच्या डबीत आहे. बटण खाली आणलं की थांबते, वर नेलं की सुरू. किती बरं वाटलं शोधून काढल्यावर! पण मलाच जर चैन पडत नाही, तर हे कसे झोपतात? फ्रिज गुणगुणला तरी उठून बसणारा माणूस!

"खरं सांगा, त्रास होतोय ना?"

"अगं, कसला?"

१८ डिसेंबर

नणंद आली होती. खोलीत पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य — "वहिनी, हे काय वाजतंय शिट्टीसारखं? दादा, तुला कसं चालतं रे हे?"

ह्यांनी पेपरातून मानसुद्धा वर काढली नाही. "तुम्हा दोघींचे कान फार तिखट झालेत."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हे माझ्यासाठी सोसतायत! मला ऊब मिळावी, आपण खोलीत असावं, म्हणून मुकाट सोसतायत. उभ्या आयुष्यात गोड शब्द काढला नाही ह्या माणसाने, आणि आता हे! स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. फार बरं वाटलं. दुरुस्तीवाल्याला डबी बदलायला बोलावलंय. तोवर सोसा, कानसेन. मीही सोसते.

२१ डिसेंबर

शाळेतल्या संगीताच्या बाईंचा फोन. पियानो परवाच जुळवून झाला, पण अगदी वरच्या पट्ट्या चुकल्यासारख्या वाटतात, सर पुन्हा येतील का? "सरांचं असं कधी होत नाही हो," म्हणाल्या. आवाजात संकोच होता.

हे अंघोळीला गेले होते. सांगते, म्हटलं मी.

हीटरचं बटण पार वर नेलं. शिट्टी खोलीभर झाली. हे डोकं पुसत बाहेर आले, हीटरपाशी उकिडवे बसले, हात शेकत म्हणाले, "बघ, किती शांत आहे."

मी हो म्हटलं.