आपल्या रक्ताला सुई लागत न्हाई

माघ शुद्ध पंचमी, सन १९४१

रातभर डोळ्याला डोळा न्हाई. लेकराचं पोट फुगलंय, दूध धरत न्हाई, आंग तव्यावानी तापलंय. पहिलं लेकरू असंच गेलं.

पण म्या काहून भ्यावं? घरात इलाजाची सुई हाय, तापवून टोचायची. आत्याबाई, माझ्या सासूबाई, मरताना माझ्या हाती देऊन गेल्या. म्हणल्या, मंजुळे, तान्ह्याच्या पोटापासून म्हाताऱ्याच्या कंबरेपर्यंत समदा इलाज हिच्यात हाय. आता गाव तुझ्या जिम्म्यावर.

एकच तकलीफ. आपल्या रक्ताला सुई लागत न्हाई. पहिलं लेकरू गेलं तवा आत्याबाईच म्हणल्या. त्यांचाच नातू, म्हणून गुण आला न्हाई.

षष्ठी

लेकरू तसंच. तवर दुसऱ्यांवर हात बसवून घेते.

उकंडराव पाटील कंबर धरून आले. टोचलं. वाकून आले होते, बोंबलत सरळ पळाले. ह्याला गुण म्हणतात. पळता पळता म्हणले, सूनबाई, आधी उठता येत नव्हतं, आता बसताबी येईना. म्हाताऱ्याला धीर न्हाई.

आशाबाईची पोरगी नुकती शहाणी झाली, पोट दुखतं म्हणून आणली. सुई पाहूनच म्हणली, थांबलं, थांबलं. हाबी गुणच.

सप्तमी

झोप यावी म्हणून माझ्याच अंगठ्यापाशी टोचून घेतलं. झोप आली न्हाई. अंगठा सुजला. गुण येताना सूज येतेच.

घरचे, लेकराचे बाप, म्हणले, लेकराला हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊ. म्हणलं, घरात सुई असताना? लोकं तोंडात शेण घालतील. गप बसले. पहिल्या बारीलाबी गपच बसले होते.

अष्टमी

तोड सापडली! ज्यांची लेकरं जगत न्हाईत त्या बाया काय करतात? लेकरू उकिरड्यावर टाकतात. दुसरीनं उचलायचं, मग तिला सूपभर कोंडा देऊन परत इकत घ्यायचं. उकंडराव पाटलाला त्याच्या मायनं असंच जगवलं, नाव त्याचंच पडलं. मग कोंडा देईपर्यंत लेकरू माझं न्हाई. माझं रक्त न्हाई. तेवढ्यात सुई द्यायची! आत्याबाईलाबी सुचलं नव्हतं.

शेजारच्या द्वारकाबाईला सांगितलं. तोंडाची फटकळ, पण पोटी लेकरू न्हाई, उचलायला बराबर.

नवमी

इपरीत झालं. लेकरू उकिरड्यावर ठेवलं, द्वारकाबाईनं पदरात घेतलं. म्या सुई तापवून आले. म्हणलं, आणा.

म्हणली, काहून आणू? तू टाकलं, म्या उचललं. माझ्या लेकराला कोणी सुई लावायची न्हाई. एक गिळलंस, पोट भरलं न्हाई का?

म्या कोंड्याचं सूप पुढं केलं. म्हणली, तुझ्या म्हशीला घाल.

घरचे तिथंच उभे. म्हणलं, सांगा की हिला. त्यांनी बैल जुंपले. मला वाटलं माझ्या बाजूनं उठले. द्वारकाबाईला लेकरासकट गाडीत बसवलं अन् हिंगोलीची रेल्वे धराया बोल्डा टेशनाला घेऊन गेले.

जाऊ दे. गुण येणार न्हाई, मग येईल माझे पाय धरत. म्या भेत न्हाई.

एकादशी

घरचे एकटेच आले. दवाखान्यात मायचं नाव इचारलं, द्वारकाबाईनं आपलंच सांगितलं म्हणे. इचारलं, तुमी काय म्हणले? तर म्हणे, म्या काय म्हणणार.

डाक्टर म्हणला, दोन दिस काही सांगता येत न्हाई.

द्वादशी

हात कोपरापर्यंत सुजला. ताप हाय. दूध दाटून छातीत धोंडे झालेत. गाडीत बसवत न्हाई. घरचे रानात गेले.

आत्याबाई म्हणायच्या, रक्त आपलं म्हणून गुण आला न्हाई. हा अंगठा येगळंच सांगून राहिला. सुई चुलीत टाकली.

तांड्यावरचा खेमा लाकडं घेऊन बोल्डा टेशनाला चाललाय. हे पान फाडून त्याच्यापाशी देते. त्याला वाचता येत न्हाई. टेशनातला जो कोणी बाबू वाचील, त्यानं हिंगोली टेशनाला फोन लावावा. तिथं माझा भाऊ दगडोबा झेंडी दाखवतो. त्याला म्हणावं, मंजुळेनं सांगितलं, दवाखान्यात जा. द्वारकाबाईचं लेकरू म्हणून इचार, माझं म्हणून कोणी दाखवणार न्हाई. हाय का, तेवढंच पाहून ये.

फोन लावा, बाबा. एवढा एक फोन लावा.