सहा गाळ्यांची धूळ

८ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकल्यासारखं करतोस, म्हणून लिहायला बसले. जेवण झाल्यावर वाच, आधी नको.

यांचा खोकला तीन महिने झाले तरी हटत नाही. परवा जिना चढताना मधल्याच पायरीवर बसले आणि चपलेचा पट्टा तुटल्याचं सोंग केलं. पट्टा धड होता. आम्ही दोघांनीही तो बराच वेळ तपासला.

गल्लीतल्या डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दिल्यात, पण वजन उतरतंच आहे. तरी कामाला जातात. ओट्यासाठी तो नवा, कारखान्यात बनवलेला चकचकीत दगड येतो ना, तो दिवसभर कटरने कापायचा. यांचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाशी पिठासारखा थर बसतो. वाळला की नखांनी खरवडावा लागतो. शेजारच्या गाळ्यातले पॉलिशवालेही खोकतात. छकुली म्हणते, बाबा आणि पॉलिशवाले काका खोकल्याच्या भेंड्या खेळतात. मी हसले, मग आत जाऊन शिवणाच्या मशीनवर बसले. पण दोरा काही केल्या ओवता येईना.

लोभ आहेच, या खेपेला उत्तरही लवकर असू दे.

तुझी धाकटी

१४ जानेवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. जावईबापूंना उद्यापासून कामावर पाठवू नकोस. रागावले तर माझं नाव सांग, त्यांना माझ्यावर रागवायची सवय आहे.

मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे ने. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, की हा माणूस नऊ वर्षं दगड कापतोय. तिथे कुणी धंदा विचारत नाही, आपणच सांगायचा. आमच्या दगडाच्या कारखान्यात पात्यावर सतत पाणी पडत असतं, धूळ उडूच देत नाहीत. तुमच्याकडे तसं आहे का, ते कळव.

वहिनी तुझ्यासाठी स्वेटर विणतेय. बाही तिसऱ्यांदा उसवली; बाहीच्या जागी पाय घालावा लागला तरी बोलू नकोस.

मनात आहेसच.

तुझा दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. क्षय नाही. दगडाची धूळ फुप्फुसात रुतून बसली आहे. ती निघत नाही आणि तिच्यावर औषध नाही. किती उरलंय, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि मला मुलं किती, ते विचारलं.

पाणीबिणी काही नाही इथे. सहाही गाळ्यांत कोरडंच कापतात. यांच्या मालकांकडे गेले, तर ते म्हणाले, हा आजार आधीच्या गाळ्यातून घेऊन आला असेल. आधीचे म्हणाले, त्याच्याही आधीच्या. तिसऱ्यांनी पुन्हा पहिल्यांकडे बोट दाखवलं. यांनी तिन्ही ठिकाणी घाम गाळला, पण धूळ मात्र कुणाचीच नाही.

दादा, मी घरोघर फिरून आणखी चौघा कारागिरांचे फोटो मागून आणले. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाला गोळ्या क्षयाच्या. पाचही फोटो खिडकीच्या काचेवर एकाशेजारी एक धरले. मी सातवीपर्यंत शिकलेली शिंपीण, पण मलाही दिसलं की आजार एकच आहे. हे पाच कागद आजवर कुणीच एकत्र पाहिले नव्हते.

आता एक विचारते. पत्र वाचल्या वाचल्या तुला कसं कळलं?

उत्तराची वाट पाहते.

धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात तिघे असेच गेले. त्यानंतर पात्यांवर पाणी आलं, धूळ मोजायचं यंत्र आलं. साहेबांनी आम्हा फोरमन लोकांना केबिनमध्ये बोलावून बजावलं, की ही गोष्ट फाटकाबाहेर गेली तर गिऱ्हाईक दगडालाच घाबरेल. मी मान डोलावली. वाटलं, आपली माणसं वाचली, संपलं. तुमच्याकडेही एव्हाना पाणी आलं असेल, असं मनाशी धरून बसलो. विचारलं मात्र कधी नाही.

या सहा वर्षांत तुला चाळीसएक पत्रं लिहिली असतील. बाळाच्या दातांबद्दल लिहिलं, वहिनीच्या गुडघ्याबद्दल लिहिलं. हे एक वाक्य लिहिलं नाही. आणि जावईबापूंना या धंद्यात घातलं मीच.

माफ कर असं म्हणत नाही.

दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून चिकटवलं, कारण ते पुरावा आहे.

पाचही फोटोंच्या नकला आणि त्या पत्राची नक्कल तुझ्या साहेबांच्या नावाने टपालात टाकली आहे. तुझी नोकरी गेली तर जाऊ दे. यांना आता आडवं झोपता येत नाही. उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागतो. मागणी एकच लिहिली आहे. तुम्हाला जे माहीत आहे, ते इथे येऊन सहा मालकांना दाखवा.

धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. सहा मालकांच्या सभेच्या दिवशी तू जावईबापूंजवळ दवाखान्यात होतीस, आणि मला लगेच परतीची गाडी गाठावी लागली. म्हणून लिहून कळवतो.

साहेबांनी तुझं पाकीट माझ्यासमोर फोडलं. मला वाटलं, आता हिशेब करून घरी पाठवतील. त्यांनी पाचही फोटो टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाले, यंत्र घे, आपला पाइपवाला घे आणि आठवडाभर तिथेच राहा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता; आणि त्याचा भित्रेपणा मी सहा वर्षं आज्ञा म्हणून पाळला.

सहाही गाळ्यांत धूळ मोजली. सभेत प्रत्येक मालक शेजाऱ्याचा आकडा आधी विचारत होता. सगळ्यांचेच आकडे वाईट निघाले. खरं दुखणं मग बाहेर आलं. एकट्याने गाळा बंद ठेवून नळ बसवले, तर काम पलीकडचा पळवणार. जावईबापूंच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मग सगळे एकाच दिवशी बंद ठेवा. एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

पाच मालकांनी सही केली. नळजोडणी आमचा कारखाना शिकवणार. कामगार कुठल्याही गाळ्यात गेला तरी त्याच्या छातीचा फोटो एकाच वहीत, बाईंकडे राहणार. तुमच्या रेल्वे फाटकाजवळचा सहावा मालक मात्र उठून गेला. त्याच्याकडे अकरा माणसं आहेत. परत येईन तेव्हा आधी त्याच्याच दारात बसेन.

तू पत्रावर आशीर्वाद मागितले नव्हतेस, तरी लिहिलेत.

दादा

२१ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तीन दिवसांच्या बंदनंतर काल पाच गाळे उघडले. यांनी हट्ट धरला, की मला बघायचंय. दवाखान्यातून आणून आठवडा झालाय, दारापर्यंतही चालवत नाही. पण पॉलिशवाल्यांनी हातगाडी आणली, तिच्यावर खुर्ची बांधली आणि आम्ही निघालो. वाटेत पॉलिशवाले स्वतःच दोनदा थांबले. तेव्हा गाडी मी ढकलली.

यांचे मालक दारात उभे होते. त्यांना नजर वर करता येईना. एका कारागिराने लादी लावली, तोटी सोडली आणि कटर सुरू केला. पात्यावर पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती. धूळ उडाली नाही. राखाडी चिखल खाली उतरून गटाराला लागला. पलीकडची भिंत दिसत होती, तिच्यावरचं घड्याळ दिसत होतं. तिथे रोज राबलेल्या माणसाला त्या भिंतीवर घड्याळ आहे, हेच ठाऊक नव्हतं.

यांनी खुणेने पुन्हा कापायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल. एकेका शब्दासाठी थांबत त्यांनी मला विचारलं, एवढंच होतं का.

कारागिराने मशीन बंद केली. घरी आल्यावर यांनी तेच परत विचारलं, आज सकाळीही विचारलं. रागाने नाही रे, खरंच कळून घ्यायचंय म्हणून.

तू ये. फाटकावरच्या मालकाकडे नंतर जा. आधी यांच्यासमोर बस आणि, हो, एवढंच होतं, असं तू तुझ्या तोंडाने सांग. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आठवड्यातच ये.

लोभ तुटला नाही, म्हणून बोलावते.

तुझी धाकटी